विमानांची मागणी आणि बीजिंगची मर्जी

१९ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतील सिॲटल येथे बोइंग कंपनीचे एक नवे कोरे ७३७ मॅक्स विमान उतरले. विमानाच्या अंगावर शियामेन एअरलाइन्स या चिनी कंपनीची रंगसंगती होती. बोइंगचे नवे विमान कारखान्यातून बाहेर पडून ग्राहकाकडे जाते, हा नित्याचा क्रम. येथे मात्र विमान ग्राहकाच्या दारातून परत आले होते. चीनमधील झौशान येथे बोइंगचे एक केंद्र आहे. तेथे अंतर्गत सजावट आणि रंगकाम पूर्ण करून विमाने चिनी कंपन्यांच्या हाती दिली जातात. तेथून हे विमान ग्वाम आणि हवाई बेटांवर थांबत, सुमारे ८,००० किलोमीटरचा प्रवास करून माहेरी आले. विमानात काही दोष होता काय? नाही. शियामेन एअरलाइन्सला विमान नको होते काय? तसेही नाही. अमेरिकेने चिनी मालावर भरमसाट आयातशुल्क लादले होते, चीनने त्याला १२५ टक्क्यांच्या शुल्काने उत्तर दिले होते, आणि चिनी कंपन्यांनी बोइंगची विमाने तूर्त स्वीकारू नयेत, अशी बीजिंगची इच्छा होती. पुढे मे महिन्यात दोन्ही देशांत तात्पुरता समझोता झाला आणि जूनपासून विमाने पुन्हा चीनकडे जाऊ लागली.

ही घटना वृत्तपत्रांतून ‘व्यापारयुद्धातील एक चकमक’ म्हणून रंगवली गेली. वास्तविक तिच्यात नवे असे फारसे काही नव्हते. गेली पन्नासहून अधिक वर्षे चीनमध्ये प्रवासी विमान कोणी घ्यायचे, कोणाकडून घ्यायचे, कधी घ्यायचे आणि त्याची घोषणा कोणत्या पाहुण्यासमोर करायची, याचा निर्णय विमान कंपनीच्या संचालक मंडळात नव्हे, तर शासनाच्या दालनात होत आला आहे. विमानखरेदी हा तेथे व्यापारही आहे आणि परराष्ट्रनीतीही. जगातील दोन बलाढ्य विमान उत्पादक आणि त्यांची पाठराखण करणारी सरकारे या एका तथ्यापुढे कशी वाकत आली, याचा इतिहास आपण भारतीयांनी तरी डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे. कारण आज जगातील सर्वांत मोठ्या विमान ग्राहकांच्या पंक्तीत आपणही जाऊन बसलो आहोत.

आरंभ १९७२ सालचा. फेब्रुवारीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन बीजिंगला गेले ते बोइंग ७०७ विमानातून. त्याच वर्षी चीनने बोइंगकडे दहा ७०७ विमानांची मागणी नोंदवली. दोन दशके ज्या देशाशी साधे राजनैतिक संबंध नव्हते, त्याच्याकडून दहा जेट विमाने! त्या काळात चीनमध्ये विमान कंपनी अशी वेगळी संस्थाच नव्हती. नागरी विमान वाहतूक प्रशासन हेच नियामक, हेच चालक आणि हेच मालक. साहजिकच ती खरेदी म्हणजे मैत्रीचा पहिला हप्ता होता. चीनचा धूर्तपणा मात्र त्याच्याही पुढचा होता. विमानांबरोबर त्याने सुटी इंजिनेही मोठ्या प्रमाणात मागवली. पुढे शांघायमध्ये ‘वाय-१०’ या नावाचे चार इंजिनांचे स्वदेशी जेट विमान बांधले गेले, त्याला हीच इंजिने लावण्यात आली. २६ सप्टेंबर १९८० रोजी ते आकाशात झेपावले, १९८४ मध्ये ते ल्हासापर्यंत जाऊनही आले. नंतर पैशाअभावी आणि धोरण बदलल्यामुळे तो प्रकल्प गुंडाळला गेला. त्यातील एक विमान आज शांघायमध्ये चिनी विमान कंपनीच्या आवारात स्मारक म्हणून उभे आहे आणि त्याच्यापुढे ‘कधीही हार मानू नका’ अशा आशयाचे शिल्प आहे. अपयशाचे स्मारक उभारून नव्या पिढीला दररोज त्याच्यासमोरून कामावर जायला लावणारा हा देश आहे, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

१९८० च्या दशकात चीनने आपली अवाढव्य सरकारी विमानसेवा फोडून एअर चायना, चायना ईस्टर्न, चायना सदर्न अशा स्वतंत्र कंपन्या निर्माण केल्या. २००२ मध्ये त्यांचे तीन मोठ्या समूहांत एकत्रीकरण झाले. या कंपन्यांचे समभाग हाँगकाँग आणि शांघायच्या बाजारांत विकले जातात, त्यांचे वार्षिक अहवाल निघतात, नफा-तोटा मोजला जातो. पाश्चात्त्य विश्लेषकांनी त्यामुळे अनेकदा समजून घेतले, की आता येथे बाजाराचे नियम चालणार. पण बहुसंख्य समभाग शासनाचे, अध्यक्षांची नियुक्ती पक्षाच्या संमतीने, आणि विमान घ्यायचे तर परवानगीची पायरी चढावीच लागते. कंपनी आपल्या ताफ्याची गरज कळवते. नागरी विमान वाहतूक प्रशासन ती पंचवार्षिक योजनेच्या चौकटीत बसवते. राष्ट्रीय विकास व सुधारणा आयोगाची मान्यता लागते. आणि उत्पादकाशी घाऊक सौदा करते ती ‘चायना एव्हिएशन सप्लाइज’ ही सरकारी खरेदी संस्था. अनेक कंपन्यांच्या गरजा एकत्र बांधून ती एक सर्वसाधारण करार करते. मग त्यातील विमाने कोणाच्या वाट्याला किती, हे नंतर ठरते. खासगी कंपन्याही या मंजुरीच्या बाहेर नाहीत.

या पद्धतीचे व्यापारी लाभ उघड आहेत. शंभर-दीडशे विमानांचा एकगठ्ठा ग्राहक समोर बसला की विक्रेत्याला किंमत खाली आणावीच लागते. छापील किंमत आणि प्रत्यक्ष किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, ते या धंद्यातील सर्वांना ठाऊक आहे. परंतु खरा लाभ वेगळाच आहे. करार एका शासकीय संस्थेच्या हाती असल्यामुळे त्याची तारीखही शासनाच्या हाती राहते. तो आज करायचा की सहा महिन्यांनी, पॅरिसमध्ये करायचा की वॉशिंग्टनमध्ये, हे परराष्ट्र खाते ठरवू शकते. चीनने या तारखांचाच शस्त्रासारखा वापर केला आहे.

तारखांचे राजकारण

मार्च १९९६ मध्ये तैवानच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर चीनने तैवानच्या आसपासच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली आणि अमेरिकेने आपल्या विमानवाहू युद्धनौका तिकडे पाठवल्या. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान ली पंग पॅरिसला गेले आणि ३० एअरबस विमानांची मागणी नोंदवून आले. तोवर चीनच्या आकाशात बोइंगचे जवळजवळ एकछत्री राज्य होते. एअरबसचे पहिले विमान चीनमध्ये पोहोचले तेच मुळी १९८५ साली. ली पंग यांनी आपला हेतू लपवून ठेवला नाही. युरोपीय नेते सहकार्याला राजकीय अटी जोडत नाहीत, अमेरिकेसारखी ऊठसूट निर्बंधांची धमकी देत नाहीत, असे त्यांनी त्या वेळी सांगून टाकले. संदेश सिॲटलला बरोबर पोहोचला. मे १९९७ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक बीजिंगला गेले तेव्हा आणखी ३० एअरबस. मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जियांग झेमिन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, आणि वॉशिंग्टनमध्ये ५० बोइंग विमानांचा, सुमारे तीन अब्ज डॉलर्सचा करार झाला. चेंडू एकदा या अंगणात, एकदा त्या.

अमेरिकी काँग्रेसमध्ये तेव्हा दरवर्षी एक नाट्य घडत असे. चीनला व्यापारात ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्रा’चा दर्जा द्यायचा की नाही, यावर वार्षिक वाद चाले. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी हा दर्जा मानवाधिकारांच्या प्रगतीशी जोडला होता. १९९४ मध्ये ती अट त्यांनी स्वतःच सोडून दिली. तिआनमेन चौकातील रक्त वाळून तेव्हा पुरती पाच वर्षे होत होती. ही अट जावी म्हणून वॉशिंग्टनमध्ये खटपट करणाऱ्यांत मोठमोठ्या निर्यातदार कंपन्या होत्या आणि बोइंग त्यांच्या अग्रभागी होती. चीनला अमेरिकेत स्वतःचा वकील नेमण्याची गरजच पडली नाही. विक्रेताच ग्राहकाची वकिली करू लागला! अखेर २००० साली तो दर्जा कायमचा देण्यात आला आणि वार्षिक वाद संपला.

२००५ चा शेवट या खेळाचा उत्तम नमुना आहे. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश बीजिंगला आले, त्यांच्या हाती ७० बोइंग ७३७ ठेवण्यात आली. जेमतेम पंधरा दिवसांत पंतप्रधान वेन जियाबाओ फ्रान्समध्ये तुलूझ येथे एअरबसच्या कारखान्यात होते आणि तेथे १५० ए-३२० विमानांचा करार झाला. तुलूझचा हा सौदा नुसता मोठा नव्हता, त्याला एक शेपूट होते. ए-३२० विमानाची अंतिम जुळणी चीनमध्ये करता येईल काय, याचा अभ्यास करण्याचे एअरबसने त्याच वेळी मान्य केले. ऑक्टोबर २००६ मध्ये शिराक पुन्हा बीजिंगला गेले, आणखी १५० ए-३२० ची मागणी पदरात पडली आणि त्याच भेटीत तियानजिनच्या जुळणी कारखान्याचा करारही झाला. सप्टेंबर २००८ मध्ये कारखान्याचे उद्घाटन, जून २००९ मध्ये तेथे जुळलेले पहिले विमान ग्राहकाच्या हाती. युरोपच्या बाहेर एअरबसने उभारलेली ही पहिली जुळणी शाखा. कारखान्यात ५१ टक्के वाटा एअरबसचा आणि ४९ टक्के चिनी भागीदारांचा. तेव्हापासून तेथून सहाशेहून अधिक विमाने बाहेर पडली आहेत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तियानजिनमध्येच दुसऱ्या जुळणी शाखेचे उद्घाटन झाले.

विमान विकत घेणारा आणि विमान बनवायला शिकणारा हे दोन वेगळे ग्राहक असतात. चीन पहिल्या दिवसापासून दुसऱ्या प्रकारचा ग्राहक होता. अर्थात प्रत्येक डाव यशस्वी झाला असे नाही. मॅकडॉनल डग्लस या अमेरिकी कंपनीशी १९८५ मध्ये करार करून शांघायमध्ये एमडी-८२ विमानांची जुळणी झाली, ३५ विमाने तयारही झाली. त्यानंतरचा एमडी-९० चा प्रकल्प ४० विमानांवरून घसरत घसरत अवघ्या दोन विमानांवर संपला, कारण १९९७ मध्ये ती कंपनीच बोइंगमध्ये विलीन झाली. एअरबसबरोबर शंभर आसनी विमान बनवण्याची योजना १९९८ मध्ये बारगळली. एवढे हात पोळल्यावर दुसरा एखादा देश गप्प बसला असता. चीनने २००८ मध्ये ‘कोमॅक’ ही नवी सरकारी कंपनी काढली.

तिबेटचे मोल

विमानांच्या मागणीमागे व्यापाराहून निराळे काय काय दडलेले असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण फ्रान्सचेच आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी बीजिंगला गेले आणि १६० एअरबस विमानांचा सौदा घेऊन परतले. सोबत अणुभट्ट्यांचा करारही होता. पॅरिसमध्ये आनंदीआनंद झाला. वर्षभरातच, ६ डिसेंबर २००८ रोजी, सार्कोझी यांनी पोलंडमधील ग्दान्स्क येथे परमपूज्य दलाई लामा यांची भेट घेतली. भेट व्हायच्या आधीच चीनने फ्रान्समध्ये ठरलेली युरोपीय महासंघाबरोबरची शिखर परिषद रद्द करून टाकली होती. जानेवारी २००९ च्या अखेरीस वेन जियाबाओ युरोपच्या दौऱ्यावर आले, जर्मनीला गेले, स्वित्झर्लंडला गेले, स्पेन आणि ब्रिटनला गेले. फ्रान्सला वळसा घालून गेले! १ एप्रिल २००९ रोजी दोन्ही देशांचे एक संयुक्त निवेदन निघाले. तिबेटच्या स्वातंत्र्याला कोणत्याही स्वरूपात पाठिंबा देणार नाही, असे फ्रान्सने त्यात लिहून दिले. मानवी हक्कांची सनद ज्या भूमीत जन्मली, तिच्या सरकारची ही लेखी कबुली होती.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. आंद्रेयास फुक्स आणि निल्स-हेन्ड्रिक क्लान या दोन जर्मन अर्थशास्त्रज्ञांनी दलाई लामांना भेटणाऱ्या राष्ट्रप्रमुखांच्या देशांची चीनला होणारी निर्यात तपासली. २०१३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. हू जिंताव यांच्या कारकिर्दीत अशा भेटीनंतर निर्यात घटते आणि सुमारे दोन वर्षांत पूर्वपदावर येते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. घट प्रामुख्याने दिसली ती यंत्रसामग्री आणि वाहतूक साधनांत. शासनाच्या हाती ज्या वस्तूंची खरेदी आहे, तेथेच शिक्षा करता येते. कपडे आणि खेळण्यांच्या बाजारात ती सोय नसते.

धर्मशाळेत ज्यांनी १९६० पासून निर्वासित तिबेटी सरकार सांभाळले आहे, त्या देशाला ही गोष्ट अपरिचित नसावी. पण आपण चीनला विमाने विकत नाही. त्यामुळे या शिक्षेचा दंड आपल्या पाठीवर पडत नाही, एवढेच.

एक प्रसंग मात्र असा घडला की त्यात भारत आणि चीन एकाच बाजूला होते. युरोपीय महासंघाने १ जानेवारी २०१२ पासून युरोपला येणाऱ्या-जाणाऱ्या सर्व विमान कंपन्यांना आपल्या कार्बन-उत्सर्जन व्यापार योजनेत ओढले. परक्या देशाच्या आकाशातील उड्डाणावरही युरोपला पैसे मोजायचे, असा हा प्रकार होता. सप्टेंबर २०११ मध्ये २६ देशांची बैठक दिल्लीतच झाली आणि तिने या योजनेला विरोध केला. भारतानेही आपल्या कंपन्यांना योजनेत सहभागी होऊ नका असे सांगितले. विरोध सर्वांनी केला, पण युरोपला नमवण्याचे साधन प्रामुख्याने कोणाच्या हाती होते? चीनच्या. त्याने अब्जावधी डॉलर्सच्या ए-३३० विमानांच्या मागणीची मंजुरीच रोखून धरली. मार्च २०१२ मध्ये एअरबस आणि काही मोठ्या युरोपीय विमान कंपन्या स्वतःच्याच सरकारांकडे पत्रे घेऊन धावल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपने आंतरखंडीय उड्डाणांपुरती योजना स्थगित केली. आणि अडकवून ठेवलेली २७ ए-३३० विमाने मार्च २०१४ मध्ये शी जिनपिंग यांच्या फ्रान्स दौऱ्यात, ७० विमानांच्या एका भव्य करारातून, समारंभपूर्वक मोकळी झाली. ज्या गोष्टीची अडवणूक केली तीच नंतर भेट म्हणून द्यायची, हे कसब शिकण्यासारखे आहे की टाळण्यासारखे, हे वाचकांनी ठरवावे. त्या लढाईत भारताचा मुद्दा न्याय्य होता आणि तो विजयी झाला, पण विजय मिळवून दिला तो चीनच्या थैलीने, ही बोचणी राहतेच.

या सौद्यांच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्याकडील वृत्तवाहिन्या असे आकडे जसेच्या तसे उचलतात. सप्टेंबर २०१५ मध्ये शी जिनपिंग यांच्या अमेरिका दौऱ्यात ३०० बोइंग विमानांची घोषणा झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रम्प बीजिंगला गेले, पुन्हा ३०० विमाने, ३७ अब्ज डॉलर्स. यांत नवे किती आणि आधी नोंदवलेलेच नव्या कागदात गुंडाळलेले किती, याविषयी जाणकारांनी तेव्हाच शंका घेतली होती. पाहुण्याला मायदेशी परतताना छातीठोकपणे सांगायला एक आकडा हवा असतो, यजमान तो देतो. विमाने मात्र वर्षानुवर्षे, गरजेप्रमाणे आणि मर्जीप्रमाणे येतात.

२०१७ नंतर मर्जी फिरली. मार्च २०१९ मध्ये इथिओपियात ७३७ मॅक्स कोसळले आणि दुसऱ्याच दिवशी, ११ मार्चला, चीनने आपल्या सर्व मॅक्स विमानांची उड्डाणे थांबवली. असे करणारा तो पहिला मोठा देश. येथे न्यायाने बोलले पाहिजे. तो निर्णय योग्य होता, अमेरिकेच्या नियामकांना तोच निर्णय घ्यायला आणखी दोन दिवस लागले, आणि त्यांची अप्रतिष्ठा झाली ती त्यांच्याच करणीने. प्रश्न उड्डाणे थांबवण्याचा नाही, पुन्हा सुरू करण्याचा आहे. अमेरिकेने नोव्हेंबर २०२० मध्ये मॅक्सला पुन्हा परवानगी दिली, युरोपने जानेवारी २०२१ मध्ये, भारताने ऑगस्ट २०२१ मध्ये. चीनमध्ये मॅक्स प्रवाशांसह उडाले ते जानेवारी २०२३ मध्ये, आणि नवी मॅक्स विमाने स्वीकारायला २०२४ उजाडले. तांत्रिक शंका खऱ्या असतीलही, परंतु व्यापारयुद्धाचा ताप त्या तपासणीत मिसळला नव्हता, असे कोण म्हणेल? मॅक्स जमिनीवर असतानाच, मार्च २०१९ च्या अखेरीस, शी जिनपिंग यांनी पॅरिसमध्ये ३०० एअरबस विमानांचा करार केला. १ जुलै २०२२ रोजी तर तीन मोठ्या सरकारी कंपन्या आणि शेंझेन एअरलाइन्स यांनी एकाच दिवशी एकूण २९२ ए-३२० निओ विमानांची मागणी जाहीर केली. प्रत्येक कंपनीने आपापल्या गरजांचा स्वतंत्र विचार केला आणि चौघींच्या विचारांना एकाच दिवशी फळ आले, यावर विश्वास ठेवायला फारच भाबडे असावे लागेल. भूराजकीय मतभेद आमच्या विमानांच्या निर्यातीच्या आड येतात, हे निराशाजनक आहे, असे निवेदन तेव्हा बोइंगनेच काढले होते.

तलवारीला दुसरीही धार

एवढे वाचून कोणाला वाटेल की चीन या खेळात अजिंक्य आहे. तसे नाही. विमान बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात दोनच. एकीला पूर्ण शिक्षा करायची तर दुसरीच्या दारात याचक होऊन उभे राहावे लागते, आणि एअरबसच्या कारखान्यांपुढे वर्षानुवर्षांची रांग आहे. बोइंगला दूर लोटल्याचे मोल चिनी कंपन्यांनी मोजले. ज्यांचा ताफा आणि वैमानिक बोइंगवर बेतलेले, त्यांना हवे ते विमान हव्या त्या वेळी मिळाले नाही. शासनाचा डाव साधला की वाहवा शासनाची, फसला की ताळेबंद कंपनीचा.

आणि कोमॅकचे स्वदेशी विमान? सी-९१९ ने ५ मे २०१७ रोजी पहिले उड्डाण केले, सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला प्रमाणपत्र मिळाले, २८ मे २०२३ पासून चायना ईस्टर्नच्या सेवेत ते प्रवासी नेऊ लागले. २०२३ मध्ये चायना ईस्टर्नने आणि २०२४ मध्ये एअर चायना व चायना सदर्नने प्रत्येकी शंभर विमानांची मागणी नोंदवली. येथेही तोच शंभराचा गोल आकडा तिघींनाही सुचला, याची गंमत वाटते. परंतु या विमानाची इंजिने अमेरिकी-फ्रेंच भागीदारीतील कंपनीची आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने या इंजिनांच्या निर्यातीचे परवाने स्थगित केले. जुलैमध्ये ते पुन्हा दिले गेले, पण तेवढ्यात कळायचे ते कळले. दुसऱ्याच्या इंजिनावर स्वदेशीचा पताका फार उंच उडत नाही. त्यामुळेच आता स्वतःच्या इंजिनावर चीन जिवाचे रान करतो आहे.

आता थोडे घराकडे पाहू. भारताने १ नोव्हेंबर १९६१ रोजी कानपूरला बांधलेले ॲव्हरो ७४८ विमान उडवले. ब्रिटिश आराखड्यावरचे का होईना, ते प्रवासी विमान आपल्या कामगारांनी बनवले होते आणि इंडियन एअरलाइन्सने ते वापरले. वाय-१० त्यानंतर १९ वर्षांनी उडाले. पुढे १९८८ च्या सुमारास कानपूरचे ते उत्पादन थांबले. बंगळुरूला ‘सरस’ विमानाचा प्रयत्न झाला, २००४ मध्ये ते उडाले, मार्च २००९ मध्ये चाचणीच्या वेळी अपघात होऊन वैमानिक व अभियंता मृत्युमुखी पडले आणि काम रखडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने रशियाशी एसजे-१०० या विमानासाठी सामंजस्य करार केला. कानपूरच्या ॲव्हरोनंतर संपूर्ण प्रवासी विमान येथे बनवण्याचा हा पहिलाच गंभीर विचार. सहा दशके उलटली.

आपल्याकडेही शासनाने विमाने घेतली आहेत. ३० डिसेंबर २००५ रोजी एअर इंडियाने बोइंगशी ६८ विमानांचा करार केला. वेन जियाबाओ तुलूझहून परतून महिनाही झाला नव्हता. मूळ प्रस्ताव २८ विमानांचा होता, तो फुगत फुगत ६८ झाला. पैसा जवळजवळ सगळा कर्जाचा. २०११ मध्ये महालेखापरीक्षकांनी या खरेदीवर कठोर ताशेरे ओढले. विमाने आली, कर्ज वाढले, २००७ मध्ये दोन सरकारी कंपन्यांचे विलीनीकरण करून गोंधळात भर घातली गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांच्या स्वाधीन करावी लागली. मंत्रालयातून विमाने घेण्याचा आपला अनुभव हा असा आहे. म्हणून चीनसारखी केंद्रीय खरेदी संस्था येथे उभारा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परवानग्यांच्या पायऱ्या आपण पुष्कळ चढलो आहोत, त्या पायऱ्यांवर काय काय चालते, हेही जाणतो.

पण त्या ६८ विमानांच्या मोबदल्यात देशाला काय मिळाले, हा प्रश्न विचारायला हवा. मिळाले ते नागपूरला, मिहान प्रकल्पात, विमान देखभाल-दुरुस्तीचे एक केंद्र. त्याच महिन्यात ठरलेल्या तुलूझच्या सौद्यातून चीनने पूर्ण विमान जुळवणारा कारखाना मिळवला आणि चौथ्या वर्षी त्यातून विमान बाहेर काढले. नागपूरचे केंद्र सुरू व्हायला २०१५ उजाडले. त्यात नागपूरकर तंत्रज्ञांचा दोष काही नाही, त्यांच्या हाताला काम मिळाले याचा आनंदच आहे. दोष आहे तो करार करताना मागणे न मागण्याच्या सवयीचा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये टाटांच्या एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, जूनमध्ये इंडिगोने पॅरिसमध्ये ५०० विमानांची. ही खासगी कंपन्यांची, त्यांच्या हिशेबाने केलेली खरेदी होती आणि ते योग्यच आहे. तरीही एअर इंडियाच्या सौद्याचे स्वागत करायला अमेरिकेचे अध्यक्ष, फ्रान्सचे अध्यक्ष आणि ब्रिटनचे पंतप्रधान पुढे सरसावले. बायडन यांनी तर या सौद्यामुळे ४४ अमेरिकी राज्यांत दहा लाखांहून अधिक रोजगारांना आधार मिळेल, असे जाहीर केले. आपल्या खरेदीचे मोल परक्या राज्यकर्त्यांना कळते! दोन्ही उत्पादक कंपन्या आज भारतातून प्रत्येकी वर्षाला एक अब्ज डॉलर्सहून अधिक किमतीचे सुटे भाग आणि सेवा घेतात, विमानांचे दरवाजेही येथे बनतात. ही उपेक्षणीय गोष्ट नव्हे. पण हजारावर विमानांची मागणी नोंदवलेल्या देशात या कंपन्यांच्या प्रवासी जेटची एकही जुळणी शाखा नाही, आणि त्याविषयी संसदेत एखादी तासभराची चर्चा झाल्याचेही स्मरत नाही. कंपन्यांचे स्वातंत्र्य अबाधित ठेवून शासनाला कर, आयातशुल्क, जमीन आणि प्रशिक्षण यांच्या बळावर बोलणी करता येतात. त्यासाठी कोणाचे विमान अडवून ठेवावे लागत नाही.

जाता जाता एक गोष्ट. चिनी कंपन्यांसाठी बांधलेली आणि त्यांनी न उचललेली अनेक ७३७ मॅक्स विमाने गेल्या काही वर्षांत एअर इंडिया एक्स्प्रेसने घेतली. ही स्वस्त दरातील सेवा, तिच्यात वरच्या वर्गाची आसने असण्याचे कारण नव्हते. परंतु त्या विमानांत पुढे दोन-तीन रांगा ऐसपैस खुर्च्यांच्या होत्या. चिनी ग्राहकाच्या सांगण्यावरून त्या बसवल्या होत्या. कंपनीने त्या लगेच काढल्या नाहीत, थोडे अधिक पैसे घेऊन विकायला काढल्या.